मडकं टांगण्याआधी

बजी या लहान पोपटांची जोडी घरात आली की आठ-पंधरा दिवसांत कुणीतरी सांगतंच, "एक मडकं टांगा की, पिल्लं होतील." मडकं स्वस्तात मिळतं. जाळीला अडकवायची तार दुकानदारच देतो. महिन्या-दोन महिन्यांत त्यातून बारीक चिवचिव ऐकू यायला लागते आणि घरातली मुलं हरखून जातात. माझी विनंती या मडक्याबद्दलच आहे. ते कधीच टांगू नका, असं मी म्हणत नाही. पण टांगण्याआधी पक्ष्यांची तब्येत, पिंजरा, आपल्या हाताशी असलेला वेळ आणि जन्माला येणाऱ्या पिल्लांची पुढची सोय, या चार गोष्टी नीट पाहा. त्यातली एक जरी जुळत नसली तरी मडकं माळ्यावर राहू द्या. तुमच्या दोन पक्ष्यांचं त्यावाचून काहीही अडणार नाही.

याचं कारण या पक्ष्याच्या मूळ मुलखात आहे. आपल्याकडे पुष्कळ दुकानांत बजी 'लव्हबर्ड' म्हणून विकला जातो. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, जाड चोचीचे आणि भांडखोर. त्यांना बजीसोबत एका पिंजऱ्यात ठेवलं तर ते बजीची बोटं तोडतात, म्हणून एवढा फरक लक्षात ठेवा. बजी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. रानातला बजी हिरवा-पिवळा असतो. निळे, पांढरे, शुद्ध पिवळे हे रंग माणसाने पिंजऱ्यात जपून वाढवलेले आहेत. १८४० मध्ये जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि तिथून तो जगभरच्या घरांत पोहोचला.

त्याच्या मूळ मुलखात पाऊस कधी पडेल याचा नेम नसतो. हे पक्षी थव्याने पाण्याच्या आणि गवताच्या बियांच्या शोधात हिंडत राहतात. जिथे पाऊस झाला, गवत पिकलं, तिथे निलगिरीच्या झाडांच्या ढोलीत शिरून लगेच अंडी घालतात. सुगी असेल तोवर एकामागून एक वीण काढतात. दुष्काळ पडला की वीण थांबते आणि मादीच्या शरीराला विसावा मिळतो.

आता आपल्या घरातला पिंजरा पाहा. वाटी रोज भरलेली, पाणी रोज ताजं, रात्री उशिरापर्यंत ट्यूबलाइट चालू. त्या पक्ष्याच्या दृष्टीने ही बारमाही सुगी आहे. त्यात ढोलीसारखं मडकं टांगलं की मादी अंडी घालत सुटते आणि थांबायचं कारणच तिला उरत नाही. रानात दुष्काळ जो लगाम घालतो, तो घरात फक्त पाळणाऱ्याच्या हातात असतो. वीण कधी होऊ द्यायची, किती आणि कधी थांबवायची, हे ठरवण्याचं काम आपलं आहे. ते पक्ष्यावर सोडलं तर मादी झिजून मरते.

आधी दोन पक्षी नीट सांभाळा

विणीचा विचार करण्याआधी निदान वर्षभर नुसते पक्षी सांभाळून पाहा. त्यातच बरंच शिकायला मिळतं.

पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा हवा, कारण बजी आडवा उडतो. एका जोडीला दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच ही किमान जागा समजा. याहून मोठा घेता आला तर उत्तम. गज अर्ध्या इंचाहून जास्त अंतरावर नकोत, नाहीतर डोकं अडकतं. गोल पिंजरा घेऊ नका. त्यात पक्ष्याला टेकायला कोपरा मिळत नाही. नवी जस्ताचा मुलामा दिलेली जाळी आणली असेल तर ती व्हिनेगरने घासून, धुऊन, वाळवून मगच वापरा. बजी जाळी चावत बसतो आणि जस्त त्याच्या पोटात जातं. दुकानातल्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्या काढून पेरूच्या, जांभळाच्या किंवा कडुनिंबाच्या फांद्या धुऊन बसवा. जाडी कमी-जास्त असली की पायाला व्यायाम मिळतो आणि तळव्यांना फोड येत नाहीत.

पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका. नॉनस्टिक तवा रिकामा राहून फार तापला की त्याच्या लेपातून निघणाऱ्या वाफेने बजी काही मिनिटांत मरू शकतो. पक्ष्यांची फुप्फुसं हवेतून प्राणवायू फार झपाट्याने घेतात, त्यामुळे विषारी वायूही तितक्याच झपाट्याने आत जातो. डासांची कॉइल, उदबत्ती, धूप, कापराचा धूर, रूम फ्रेशनर, झुरळांचा स्प्रे हे सगळं पिंजऱ्याच्या खोलीत वापरणं बंद करा. दिवाळीत पिंजरा घराच्या आतल्या खोलीत हलवा, खिडक्या लावून घ्या आणि मंद दिवा राहू द्या. फटाक्याने दचकून अंधारात उडालेला पक्षी पंख मोडून घेतो.

पिंजरा गॅलरीत असेल तर कावळा, मांजर, उंदीर आणि साप या चौघांचा विचार करा. उंदीर रात्री येतो, दाणे खातो आणि पिल्लंही ओढून नेतो. त्यामुळे रात्री पिंजरा घरात घेणं सर्वात सोपं. संध्याकाळी ठरावीक वेळी कापड टाकून दहा ते बारा तास शांत अंधार द्या. झोप पुरी झालेला पक्षी दिवसभर तरतरीत राहतो.

नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा चोच उघडी ठेवून आणि पंख अंगापासून लांब धरून बसलेला बजी उन्हाच्या झटक्याच्या काठावर असतो. त्याला सावलीत घ्या, अंगावर पाण्याचा बारीक फवारा द्या, उथळ ताटलीत आंघोळीला पाणी ठेवा. कूलरचा झोत थेट अंगावर नको. कोकणात काळजी वेगळी: पावसाळ्यात दाण्याला बुरशी धरते आणि ती यकृत पोखरते. दाणे थोडे-थोडे आणा, डबा घट्ट लावा, कुबट वास आला की फेकून द्या. दाणे जिवंत आहेत का हे पाहायचं असेल तर मूठभर भिजवून ठेवा. मोड आले तर चांगले.

वाटी भरलेली दिसते, पण…

बजी दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. वरून पाहिलं तर वाटी भरलेली दिसते. खाली मात्र नुसता कोंडा असतो आणि पक्षी उपाशी असतो. घरच्यांची नजर चुकून पक्षी उपासमारीने मरण्याचं हे फार साधं आणि टाळता येण्याजोगं कारण आहे. रोज सकाळी वाटीवर फुंकर मारून टरफलं उडवा आणि दाणे भरा. घरातल्या मुलालाही हे काम देता येतं, पण रोज एकदा मोठ्या माणसाने पाहिलंच पाहिजे.

राळा हा बजीचा मुख्य दाणा. त्यात वरई, नाचणी, बाजरी थोडी-थोडी मिसळा. सूर्यफुलाचं बी रोज नको; चरबी वाढते. नुसत्या दाण्यावर ठेवलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि आयोडीन कमी पडतं. म्हणून रोज काहीतरी हिरवं द्या: कोथिंबीर, मेथी, माठ, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, कोवळं मक्याचं कणीस. पालेभाजी स्वच्छ धुऊन, पाणी निथळून द्या आणि दोन-तीन तासांनी उरलेली काढून टाका. नवा पदार्थ तो पहिल्या दिवशी खाणार नाही. जाळीला क्लिपने अडकवून रोज देत राहा. आठवड्या-दोन आठवड्यांत चोच लावतो.

समुद्रफेस, म्हणजेच माकलीच्या पाठीतली पांढरी ढलपी, पिंजऱ्यात कायम अडकवलेली असू द्या. दुकानात ती कटलबोन म्हणून मिळते. त्यातून कॅल्शियम मिळतं आणि चोच घासली जाते. वाळू खायला घालायची गरज नाही. बजी दाणा सोलून खातो, त्याला ती लागत नाही.

अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, दारू, कांदा-लसूण आणि सफरचंदाच्या बिया या गोष्टी बजीला कधीही देऊ नका. फरसाण, बिस्किट, चहात बुडवलेली पोळी हे प्रेमाने दिलं जातं, पण तीस-चाळीस ग्रॅमच्या जिवाला त्यातलं मीठ आणि साखर सोसत नाही.

जोडी म्हणजे नर-मादीच असं नाही

एकटा बजी ठेवू नका. थव्यात राहणारा पक्षी आहे. एकटेपणाने तो पिसं उपटायला लागतो किंवा गुमसुम बसतो. आरसा हा सोबत्याला पर्याय नाही. पण सोबत हवी म्हणजे नर-मादीच हवेत, असंही नाही. पिल्लं नको असतील तर दोन नर आणा. दोन नर बहुधा गुण्यागोविंदाने राहतात, एकमेकांना दाणे भरवतात, दिवसभर गुणगुणतात आणि माणसाचे शब्द उचलण्यातही नरच पुढे असतो. दोन माद्यांची मात्र कडाक्याची भांडणं होऊ शकतात. घरात पहिल्यांदाच पक्षी आणणाऱ्यांना मी दोन नरांचाच सल्ला देतो.

नर-मादी ओळखायची ती चोचीच्या वरच्या, नाकपुड्या असलेल्या मऊ भागावरून. मोठ्या नराचा हा भाग गडद निळा असतो. मादीचा फिकट निळसर-पांढरा किंवा तपकिरी. विणीवर आली की तो गडद तपकिरी आणि खरबरीत होतो. पिल्लांत नराचा गुलाबी-जांभळट असतो, मादीच्या नाकपुड्यांभोवती पांढरट कडी दिसते. पांढऱ्याशुभ्र किंवा लाल डोळ्यांच्या पिवळ्या नराचा हा भाग मोठेपणीही गुलाबी-जांभळटच राहतो, तिथे फसगत होते; जाणत्याला विचारा.

वय कपाळावरून कळतं. कोवळ्या पक्ष्याच्या कपाळावर काळ्या रेघा थेट चोचीपर्यंत येतात आणि डोळा संपूर्ण काळा असतो. तीन-चार महिन्यांनी पहिल्यांदा पिसं गळली की कपाळ स्वच्छ होतं. पुढे वर्षाच्या आत बहुतेक रंगांच्या पक्ष्यांत बुबुळाभोवती पांढरी कडी उमटते. खरेदीला जाल तेव्हा पक्ष्याला थोडा वेळ लांबून पाहा. अंग फुगवून, डोळे मिटून दिवसा बसलेला, शेपटीखाली ओला असलेला, श्वासागणिक शेपटी वरखाली करणारा पक्षी कितीही सुंदर असला तरी आणू नका. नवा पक्षी घरात आला की तीस दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा, आणि त्याचं काम जुन्या पक्ष्यांचं झाल्यावर करा.

वीण घ्यायचीच असेल तर

मादी वर्षाची झाल्याशिवाय मडकं टांगू नका. ती चार-पाच महिन्यांतच माजावर येईल, पण तिची हाडं तेव्हा तयार झालेली नसतात. एका आईबापाची पिल्लं एकमेकांशी जोडू नका. नातलगांची वीण वाढत गेली की पिल्लं दुबळी निघतात. दुकानातून एकाच पिंजऱ्यातून उचललेली 'जोडी' सख्खी भावंडं असू शकते, म्हणून नर एका ठिकाणचा आणि मादी दुसऱ्या ठिकाणची घ्या.

एका पिंजऱ्यात एकच जोडी. पाच-सहा जोड्या एकत्र ठेवून मडकी टांगली की माद्या जागेसाठी भांडतात, दुसरीच्या मडक्यात शिरून अंडी फोडतात, पिल्लं मारतात. मोठ्या जाळीत थवा छान दिसतो, पण विणीला तो धोक्याचा आहे.

आपल्या हवामानात पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा. ऐन उन्हाळ्यात मडक्यात पिल्लं उकडतात आणि पावसाळ्यात ओल धरते. मडक्यापेक्षा लाकडी पेटी चांगली: आठ-दहा इंच लांब, सहा इंच रुंद, दीड-दोन इंचांचं भोक, उघडता येणारं झाकण. मडकं आतून पाहता येत नाही आणि नीट साफही होत नाही. पेटीच्या तळाला खोलगट फळी हवी आणि तिच्यावर लाकडाच्या जाडसर भुशाचा थर. तळ गुळगुळीत राहिला तर पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि ते पक्षी जन्मभर अधू राहतात.

पेटी लावण्याआधी दोन-तीन आठवडे मोड आलेला राळा, हिरवा पाला आणि कुस्करलेलं उकडलेलं अंडं सुरू करा. समुद्रफेस संपलेला नसावा. अंड्याच्या कवचासाठी लागणारं कॅल्शियम मादी स्वतःच्या हाडांतून काढते. खाण्यातून ते मिळालं नाही तर अंडं पोटात अडकतं. मादी पिंजऱ्याच्या तळाशी अंग फुगवून बसली, कुंथत असली, पाय लटके पडले, तर तो तातडीचा प्रसंग आहे. तिला उबेत ठेवा आणि लगेच डॉक्टरकडे न्या. घरी पोट दाबू नका, तेल घालू नका. आत अंडं फुटलं तर मादी वाचत नाही.

सगळं सुरळीत झालं तर मादी एक दिवसाआड एक, अशी चार ते सहा अंडी घालते आणि अठरा दिवसांच्या आसपास प्रत्येक अंडं फुटतं. अंड्यावर तीच बसते. नर तिला बाहेरून भरवतो. आठवड्याने मोबाइलचा टॉर्च अंड्यामागे धरून पाहिलात तर आत लाल शिरांचं जाळं दिसतं. अंडी दिवसाआड फुटत असल्याने सहा पिल्लांत सर्वात थोरलं धाकट्याहून दहा दिवसांनी मोठं असतं. म्हणून रोज झाकण उघडून धाकट्याच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी भरलेली आहे का, हे पाहावंच लागतं. आई याला रागावत नाही, फक्त हात स्वच्छ हवेत आणि वेळ ठरलेली हवी. दहाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात, तेव्हापासून भुसा दर आठवड्याला बदला. पायाला किंवा चोचीला विष्ठा वाळून चिकटली तर कोमट पाण्याने भिजवून काढा, ओढू नका. बोट तुटून येतं.

तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी पिल्लू पेटीबाहेर येतं. त्यानंतरही आठवडा-दहा दिवस बाप त्याला भरवतो. स्वतः दाणा सोलून पोटभर खाताना पाहिल्याशिवाय पिल्लू कुणाला देऊ नका. सहा आठवड्यांच्या आतलं पिल्लू नव्या घरात उपाशी मरतं. याच सुमारास आई दुसऱ्या विणीला लागते आणि आधीची पिल्लं पेटीत असतील तर त्यांची पिसं उपटते. असं दिसलं की पंख फुटलेली पिल्लं बापासोबत वेगळी करा.

थांबवणं हेही आपलंच काम

वर्षाला दोन विणी, त्याहून जास्त नाही. एकच घेतली तर आणखी चांगलं. शेवटचं पिल्लू बाहेर आलं की पेटी त्याच दिवशी काढा. नुसती पेटी काढून मादी थांबली नाही तर दिवसाचा उजेड कमी करा, अंडं आणि मोड आलेले दाणे बंद करा, पिंजऱ्यातल्या फांद्या-वाट्यांची जागा बदला, आणि गरज पडली तर नर-मादी शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत ठेवा.

मादीने पिंजऱ्याच्या तळाशी अंडी घातली तर ती लगेच उचलून फेकू नका. गेलेल्या अंड्याच्या जागी ती आणखी घालत राहते. घातल्याबरोबर ताजं अंडं उकडून, गार करून पुन्हा तिथेच ठेवा, किंवा बाजारात मिळणारी प्लॅस्टिकची अंडी ठेवा. तीन आठवडे बसून ती आपणच सोडते.

आता हिशेब मांडा. एका जोडीची वर्षात दोन विणी, प्रत्येकी पाच पिल्लं धरली, तर वर्षाअखेरी घरात बारा पक्षी. त्यांच्या सहा जोड्या दुसऱ्या वर्षी तशाच व्यायल्या तर साठ पिल्लं, म्हणजे एकूण बहात्तर. ज्याने पहिल्या वर्षी मडकं टांगलं, त्याने दुसऱ्या वर्षाचा हा आकडा मनाशी धरायला हवा. "दुकानदार घेतो की परत" या भरवशावर राहू नका. ती पिल्लं दाटीच्या पिंजऱ्यात जातात आणि अनोळखी आजार घेऊन कुणाच्या तरी घरी पोहोचतात. पेटी लावण्याआधी, पिल्लं घ्यायला तयार असलेली दोन-तीन घरं नावानिशी ठरवा. नावं सापडत नसतील तर उत्तर मिळालं.

आजारपण आणि कायदा

बजी आजार लपवतो, कारण रानात आजारी दिसणारा पक्षी आधी पकडला जातो. तो तळाशी बसलेला दिसला, तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून ग्रॅममध्ये मोजणारा छोटा वजनकाटा घ्या आणि आठवड्यातून एकदा वजन लिहून ठेवा. वजन दहा टक्क्यांनी घटलं की पक्षी वरून ठीक दिसत असला तरी डॉक्टर गाठा. चोचीवर, नाकाभोवती पांढरी, बारीक छिद्रांची खपली दिसली तर ती गोचिडीच्या कुळातल्या सूक्ष्म किड्यांची असते. डॉक्टरच्या औषधाने बरी होते. पिल्लांचे पंख आणि शेपटीची पिसं वाढता वाढता गळली तर ते विषाणूचं लक्षण असू शकतं. अशा घरात वीण ताबडतोब बंद करा आणि एकही पक्षी बाहेर देऊ नका.

माणसाचं किंवा दुकानातून सुटं मिळणारं प्रतिजैविक पाण्यात टाकून देण्याची सवय मोडा. तहान लागेल तेवढंच औषध पोटात जातं, म्हणजे मात्रा कधीच बरोबर पडत नाही. मुंबईत परळला, नागपूरला, परभणीला, शिरवळला, उदगीरला शासनाची पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे चौकशी करा. जवळच्या दवाखान्यात पक्षी तपासणारा डॉक्टर आहे का, हे पक्षी धडधाकट असतानाच विचारून नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

स्वतःचीही काळजी घ्या. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून क्लॅमिडिया सिटासी या जिवाणूची लागण माणसाला होऊ शकते. ट्रे झाडण्याआधी पाण्याने ओला करा, तोंडावर रुमाल बांधा, हात साबणाने धुवा. ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला लांबला तर घरात पक्षी आहेत हे आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. वेळेत कळलं तर उपचार सोपा आहे.

बजी पाळायला कायद्याची आडकाठी नाही. पण आपला हिरवा पोपट, करण पोपट, मुनिया असे भारतीय रानपक्षी पकडणं, विकणं आणि पाळणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. बजी दाखवून आतून पोपटाचं पिल्लू काढणाऱ्या दुकानात पाऊल ठेवू नका. २०१८ च्या नियमांनुसार प्राणी-पक्षी विकणाऱ्या दुकानाला राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. खरेदीआधी ती नोंदणी दाखवायला सांगा; गिऱ्हाईक विचारायला लागलं की दुकानं सुधारतात.

आणि कंटाळा आला, बदली झाली, मुलगा शिकायला बाहेरगावी गेला म्हणून पक्षी आकाशात सोडून देऊ नका. लोक पुण्य समजून असं करतात. पिंजऱ्यात जन्मलेल्या बजीला इथे दाणा शोधता येत नाही, कावळ्या-शिक्र्यापासून पळता येत नाही, आणि त्याचा निळा-पिवळा रंग लांबून दिसतो. ती त्याची सुटका ठरत नाही, मरणच ठरतं. चुकून उडाला तर त्याच्या सोबत्याचा पिंजरा गच्चीवर किंवा गॅलरीत ठेवा, दाण्याची वाटी दिसेल अशी मांडा. सोबत्याच्या हाकेने तो परत येण्याची आशा असते.

आज करायच्या गोष्टी

ज्यांच्या घरी बजी आहेत, त्यांनी आज पिंजऱ्यापाशी जावं. वाटीवर फुंकर मारून दाणे किती उरले ते पाहावं. समुद्रफेस नसेल तर आणावा. मादीने गेल्या वर्षभरात किती वेळा अंडी घातली, ते आठवावं. दोनदा झाली असतील तर मडकं आता उतरवावं, मादीची तब्येत कितीही चांगली दिसत असली तरी. आत अंडी किंवा पिल्लं असतील तर ही वीण शेवटची धरावी आणि ती पार पडताच उतरवावं.

ज्यांच्या मनात बजी आणायचं आहे, त्यांनी आधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवावं. बजी नीट ठेवला तर पाच ते दहा वर्षं जगतो. मुलांच्या परीक्षा, गणपतीत गावी जाणं, मे महिन्याची सुट्टी, या सगळ्यांत त्याच्याकडे कोण पाहील, हे नाव घेऊन ठरवावं. ठरलं तर दोन नर आणावेत आणि मडकं दुकानातच राहू द्यावं.

ज्यांना वीण घ्यायचीच आहे, त्यांनी ती थोडी घ्यावी आणि चांगली घ्यावी. पुरत्या वयाची मादी, बिननात्याचा नर, खोलगट तळाची पेटी, रोजची पाहणी, आणि प्रत्येक पिल्लासाठी आधीच ठरलेलं घर. वर्षाला पाच पिल्लं निरोगी वाढवणारा माणूस पन्नास पिल्लं काढणाऱ्यापेक्षा या पक्ष्याचं जास्त भलं करतो. तुमच्या घरातला लगाम तुमच्याच हातात आहे. तो सैल सोडू नका, ही माझी मनापासूनची विनंती.